माइक खराब नव्हता

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी खराब नाही. माझ्या खोक्यावर खडूने 'खराब' असं लिहिलंय खरं. पण खराब कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटात केसाएवढी तार जोडली, वर जाळीचं टोपरं घातलं आणि "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. मग चर्चच्या मंडळीने मला आणलं. पाळकसाहेबांचा आवाज मुळातच बसका, पण माझ्यातून गेला की भिंती घुमायच्या. "माइक असावा तर असा!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

या मंडळीची एक खोड होती. माना खाली असताना कुणीही गंभीर आवाजात "होवो", "मिळो" असं काही म्हटलं, की सगळे एका सुरात "आमेन" म्हणायचे. एकदा लग्नाच्या प्रार्थनेत मांडववाला मध्येच बोलला, "खुर्च्या धड परत मिळोत." त्यालाही आमेन! तेव्हा मला केवढं हसू आलं होतं.

याच मंडळीची एक न्याय समिती होती. चांगली माणसं, बरं का! नोकऱ्या सांभाळून कायदे वाचायची, नगरसेवकांचे उंबरे झिजवायची. शहरात एक नियम होता: घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर घरमालकाला भाडेकरूला बाहेर काढता येत नसे. नगर परिषद तो नियम रद्द करायला निघाली आणि समिती कंबर कसून उभी राहिली. नियम गेला असता तर सगळ्यात आधी मंडळीतल्याच शिवणवाल्या मावशी रस्त्यावर आल्या असत्या. त्यांच्या नवऱ्याचा कणा मोडला होता, तो खाटेवर होता, आणि घरमालक टपूनच बसला होता.

परिषदेच्या सभागृहाला रंग लावणं चालू होतं, म्हणून जाहीर सुनावणीसाठी समितीने चर्च देऊ केलं. "माइकसुद्धा आहे आमचा!" त्यांनी ऐटीत सांगितलं.

अध्यक्ष म्हणून परिषदेचे साहेब आले. गोड बोलून गळा कापणारा माणूस. पहिलं बोलणं मावशींचं होतं, म्हणून त्या माझ्यासमोर उभ्या होत्या.

"देवाच्या घरात आहोत," साहेब म्हणाले. "आधी माना लववू या."

सगळ्यांनी माना लववल्या. साहेबांनी आवाज खाली आणला आणि ठरावाचा मसुदा वाचला, "हा जुना नियम रद्द होवो, घरं मोकळी होवोत, आणि या शहराचं कल्याण होवो."

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. मावशी माझ्या तोंडाशीच होत्या, म्हणून सगळ्यात मोठा आमेन त्यांचाच झाला.

"एकमताने संमती. लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले.

पाळकसाहेब धावत पुढे आले. "अहो, ती सवय आहे आमची!"

"आमेन म्हणजे काय हो, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब म्हणाले, "तसंच होवो."

"मग तसंच होईल की!"

कारकून फिसकन हसला. "अहो, पण मला बोलायचंय," मावशी म्हणाल्या.

"बोललात की, बाई. सगळ्यांनी ऐकलं."

जाता जाता साहेबांनी दारातून आणखी एक काडी टाकली. "एवढंच वाटत असेल, तर मंडळीच्या शिक्क्याने लिहून द्या की 'आमच्या आमेनला काही अर्थ नव्हता.' पुन्हा सुनावणी घेतो."

समिती तिथेच, माझ्यासमोर बसली. खजिनदार म्हणाले, "असं लिहून द्यायचं? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!" समितीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "नियमासाठी पुन्हा लढता येईल. देवापुढचा शब्द कसा मागे घ्यायचा?"

"आमचे हे खाटेवर आहेत हो," मावशी म्हणाल्या. "मी देते लिहून. माझा आमेन खोटा होता म्हणून सांगते."

"तुमच्या एकटीचं नाही चालायचं, मावशी. शिक्का लागतो."

पाळकसाहेबांनी शिक्का ठेवलेला खण उघडला. बराच वेळ आत बघत राहिले, मग लोटून दिला. "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू," ते म्हणाले. मला त्या वेळी तोंड असून बोलता आलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

बाहेर लोकांना मात्र सांगितलं गेलं की माइक खराब होता, आवाज भलताच गेला. खरं लिहून द्यायला हात धजेना, खोटं बोलायला जीभ बरी धजली! मला खोक्यात घालून कपाटात ढकललं.

नियम रद्द झाला. पुढचं मी कपाटातून ऐकलं. झाडलोट करणाऱ्या आजी पाळकीणबाईंना सांगत होत्या, "खाट दारातून निघेना, म्हणून मावशींच्या माणसाला चादरीसकट उचलून फुटपाथवर ठेवलं. ओरडत होता हो दुखतंय म्हणून. घरमालक काय म्हणतो, 'आवाज कमी करा, शेजारी झोपलेत.' तिन्हीसांजेला गेला तो. शिलाई मशिनच्या शेजारीच."

मित्रांनो, शेवटी 'मला जपा' म्हणायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मला नका जपू. मी कपाटात चांगला सुखरूप आहे, मऊ फडक्यात गुंडाळलेला. तुम्ही एवढंच करा. मान खाली घालण्याआधी कोण बोलतंय ते डोळे उघडून बघा. आणि चुकून भलत्याच गोष्टीला 'हो' म्हणून बसलात, तर ती चूक चारचौघांत कबूल करा. लोक हसतील. हसू द्या.

मावशी आता चर्चला येत नाहीत. कुठे असतात, कुणाला ठाऊक नाही. दर रविवारी नव्या माइकवरून त्यांच्यासाठी प्रार्थना होते, आणि सगळे मोठ्यांदा आमेन म्हणतात.