बाबांचा ऐकतानाचा फोटो

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकसष्ट साली, मी तेवीस वर्षांची असताना, तो राग मुख्यतः एका गोष्टीवर होता: आमच्या झाशीत कॅमेरा दिसला की माणसं कामं सोडून पुतळे होतात.

दतिया गेटच्या बाजारात मी पहिला रोल काढला. भाजीवाला फेटा सारखा करून उभा. पानवाला छाती काढून उभा. मागे जमलेले सात-आठ रिकामटेकडे ओळीने उभे. आमच्या गल्लीत स्टुडिओ चालवणाऱ्या जनार्दनकाकांनी ते फोटो पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. पोलीस चौकीत लावायला उपयोगी पडतील."

कॅमेरा त्यांचाच होता. जुना, पोटाशी धरून वरच्या काचेत खाली वाकून पाहायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. शाळेतल्या नोकरीतून वेळ काढून मी तो गळ्यात अडकवून फिरायचे, आणि आई म्हणायची, "पोर शिक्षिका झाली की फेरीवाली?"

मला खरं तर एकच फोटो हवा होता. बाबांचा.

बाबा, विश्वंभर त्यांचं नाव, रेल्वेत चाकं तपासायचे. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेने जायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणतं. तडा गेलेलं भद्द वाजतं. टोला दिल्यावर बाबांची मान उजवीकडे कलायची, भुवई वर जायची, ओठ किंचित उघडायचे. श्वासभर तो चेहरा राहायचा आणि पुढच्या चाकाकडे निघताना मिटून जायचा. इतका सुंदर चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि बाप आहे म्हणून म्हणते असं नाही. घरी मात्र ते कधी तसे दिसत नसत. घरातल्या एकुलत्या एका फोटोत, लग्नाच्या, ते न्यायाधीशासमोर बसल्यासारखे बसले आहेत.

श्रावणात मी पहिला प्रयत्न केला. डबा पोचवायला म्हणून स्टेशनात गेले आणि पार्सलांच्या ढिगाआड लपले. बाबा गाडीचे चार डबे सोडून पलीकडे होते. इंजिन वाफ सोडत होतं, हमाल ओरडत होते. बाबांनी टोला दिला, मान कलली, मी बटण दाबलं. टक्.

बाबा वळले. "इंदू, बाहेर ये." आणि लगेच कॉलरचं बटण लावून ताठ उभे राहिले. "हां, आता काढ."

त्या गोंगाटात, त्या अंतरावरून, त्यांना कॅमेऱ्याचं बटण ऐकू आलं होतं! मी तोंडात बोट घालायचं की कपाळावर हात मारायचा? दोन्ही केलं.

काकांना सांगितलं तर ते मलाच रागावले. "लपतेस कशाला? लपतो तो चोर. जा, बाजारात एक जागा धर आणि रोज तिथेच बस. भाजी निवड, वाटाणे सोल. कॅमेरा मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा. आठवडाभर बटणाला हात लावायचा नाही."

मी एका बांगडीवालीच्या शेजारी पायरी धरली. पहिल्या दिवशी ती तिच्या बुंदेलीत म्हणाली, "काय बिन्नू, हमाई फोटू खेंच रईं का?" बिन्नू म्हणजे पोरी, माझा फोटो काढतेस का असं ती विचारत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला गिऱ्हाइकांसाठी कागद फाडायला बसवलं. नवव्या दिवशी ती माझ्याकडे बघेनाशी झाली, आणि तिच्यामुळे सगळा बाजारच बघेनासा झाला. मग काकांनी पुढचं सांगितलं: पायरीपासून दुकानाच्या फळीपर्यंत सात फूट आहेत, ते अंतर कॅमेऱ्यावर आधीच लावून ठेव, मग काचेत डोकं खुपसून बसायला नको. आणि शेवटचं, जे मी आजही माझ्या विद्यार्थिनींना सांगते. "काम करणारा हात कुणीही काढेल. तू हात थांबण्याची वाट बघ. चेहरा त्यानंतर येतो."

खरंच तसं होतं. बांगडी हातात चढताना सगळ्या बायका सारख्याच कळवळतात. चढल्यावर हात पुढे धरून जेव्हा बघतात, तेव्हा प्रत्येक बाई वेगळी असते. दिवाळीपर्यंत माझे फोटो बघून काका गप्प बसायला लागले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे शाबासकी.

माघात बाबांनी एकदम जाहीर केलं की या महिन्याच्या शेवटी ते नोकरी सोडणार. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. आईने घर डोक्यावर घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, "बस झालं आता." महिना संपायला तीन दिवस होते, म्हणजे तो चेहरा आणखी तीनच दिवस होता.

मी शाळेत रजा टाकली. त्या काळी रेल्वेवाल्याच्या मुलीला स्टेशनात कोणी अडवत नसे. पहिले दोन दिवस मी कॅमेरा उघड गळ्यात घालून, बाबांपासून सात फुटांवर, त्यांच्याबरोबर गाडीच्या कडेने नुसती चालले. बाबा कॉलर लावायचे, काढायचे, वैतागायचे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी नाद सोडला. त्यांच्या मागून यशवंतभैया यायचे, बाबांच्याच वयाचे, दुसऱ्या पाळीतले, आणि बाबांनी ठोकलेल्या प्रत्येक चाकावर पुन्हा टोला द्यायचे. मला वाटलं, बाबांची जागा घ्यायची म्हणून सराव करतायत.

तिसऱ्या दिवशी मी रोल भरला.

टोल्याबरोबर बटण दाबलं असतं तर आवाज लपला असता, पण मग हातोडीचा फोटो आला असता. मला टोल्यानंतरचं हवं होतं, आणि तिथे माझं बटण उघडं पडणार होतं. बाबांनी टोला दिला. हात थांबला. मान कलली. टक्.

बाबा हलले नाहीत. पुढच्या चाकाकडे गेले.

टोला, मान, टक्. टोला, मान, टक्. बाराच्या बारा फोटो मी सात फुटांवरून काढले आणि बाबांची भुवईसुद्धा हलली नाही. मी खडीवर नाचायचीच बाकी होते. श्रावणात चार डब्यांवरून पकडली गेलेली मी, आता बाजारातल्या पायरीसारखी कुणाच्या लक्षातही न येणारी झाले होते. काकांची विद्या फळली होती!

संध्याकाळी जेवताना मला राहवलं नाही. "बाबा, आज तुमचे बारा फोटो काढले. बारा! आणि तुम्हाला पत्ता नाही."

बाबांचा घास हातात राहिला. "बारा?"

"मोजून बारा."

"मला तीनच ऐकू आले," बाबा म्हणाले.

आई वाढता वाढता थांबली. बाबांनी घास ताटात ठेवला आणि आधी आईकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून सांगितलं. दिवाळीनंतर एका गाडीचं चाक त्यांना पहिल्या टोल्याला चांगलं वाटलं होतं. मनाला पटेना म्हणून पुन्हा ठोकलं, तेव्हा भद्द ऐकू आलं. तो डबा गाडीतून काढला गेला, कुणाला काही झालं नाही. पण त्याच सकाळी ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझे कान गेले, माझ्यामागून दुसरा माणूस ठेवा. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं.

"घरी सांगायचं होतं की हो," आई म्हणाली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"काय सांगू? ऐकू येत नाही हे सांगायलाही धीर लागतो."

मी माझ्या नऊ फोटोंचा विचार करत होते. ज्यांना मी माझी हुशारी समजत होते ते नऊ. रडू आवरून विचारलं, "आणि ते तीन? ऐकू आले तर कॉलर का नाही लावलीत?"

बाबा हसले. "अगं, ऐकू आलं म्हणून बरं वाटलं. आणखी येतं का बघत होतो. त्या तीन वेळा मी चाक नाही ऐकलं, तुझा कॅमेराच ऐकत होतो."

फोटो धुऊन आले. बाराही चांगले आले. काका बराच वेळ गप्प बसले. सगळ्यांत मान उजवीकडे, भुवई वर, ओठ किंचित उघडे. बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी ते बाराही फोटो भिंतीवर ओळीने लावले आहेत आणि रोज बघते, पण त्यांतल्या कोणत्या तिनात ते मला ऐकतायत, हे अजून मला ओळखता आलेलं नाही.