सात राणीछाप

जावयानं सासुरवाडीला यावं, पाटावर बसावं, दोन घास जास्तीचे खावेत आणि मानपान घेऊन आपल्या गावी जावं. घरातल्या सुनेच्या गळ्यातल्या दागिन्याची चौकशी करायला त्याला कुणी बोलावलं होतं?

केशरबाई सकाळपासून चुलीपुढे हेच पुटपुटत होती. धोंड्याचा महिना होता. थोरला जावई बन्सी लेकीला, रतनला, घेऊन नगरहून कोल्हारला आला होता. कचेरीत कारकून, इस्त्रीचा सदरा, आणि जुनी नाणी जमवायचा नाद. नाण्यांचा बिस्किटाचा डबा सासुरवाडीलाही बरोबर आणायचा.

काल दिवस मावळायच्या आधी ओट्यावर बसून त्यानं धाकट्या सुनेची, लंकाची, रुपयांची माळ बघायला मागितली. सात राणीछाप रुपये, प्रत्येकाला कडी, लाल गोफात ओवलेले. एकेक रुपया त्यानं पायरीच्या दगडावर वाजवला, कान तिरका केला आणि हसत सुटला.

"बद्द! सातीच्या साती बद्द! वहिनी, तुमच्या आईनं कथील बांधलंय की हो गळ्यात!"

पाण्याला निघालेल्या दोघी तिथंच थबकल्या होत्या. म्हणजे गावभर झालंच म्हणायचं.

लंका पाथर्डीकडची. तिची आई भागूबाई कोरडवाहू चार बिघ्यांवर भागेना म्हणून दरसाल ऊसतोडीला यायची. एका हंगामाला एक रुपया, असे सात हंगाम तिनं लेकीसाठी हे रुपये जोडले होते. प्रवराकाठच्या बागायतदार घरात तोडणीवालीची लेक कशाला, असं भावकी म्हणाली होती. तेव्हा केशरबाईनं सगळ्यांचं तोंड एका वाक्यात बंद केलं होतं, "सून मी पारखलीय. तुमी जेवायला या."

काल रात्री लंका जेवली नाही. माळ तिनं खुंटीला अडकवून ठेवली. सकाळी पुरण वाटता वाटता हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी चार दिस म्हायेरला जाऊन येते. आईलाच इचारते."

"काय इचारशील? आये, तू मला फसवलंस का, असं? जलमात पुन्हा मान वर करंल का ती?" केशरबाईनं खुंटीवरची माळ काढली. "बस गप. जाशील तवा गळ्यात घालून जाशील."

मग तिनं हाक मारली, "जावयबापू, जरा चुलीपाशी या. तुमचा कान आनि माजा कान ताडून बगू."

बन्सी आला. मागून रतनही आली. केशरबाईनं देव्हाऱ्यातला, लक्ष्मीपूजनाचा रुपया जात्याच्या पाळीवर टाकला. खणखणीत वाजला.

"खरा," बन्सी म्हणाला.

तिनं स्वतःच्या गळ्यातली, सासूनं घातलेली माळ काढली आणि तिच्यातला एक रुपया तिथंच आपटला. बद्द.

बन्सीनं कान खाजवला.

"म्हना की! माजी सासूबी कथीलवाली. लाजू नका."

"तसं नव्हं, मामी..."

"सोनारानं कडी झाळून बसवली की रुपाया मुका हुतो. तुमच्या डब्यातल्यांना कड्या न्हाईत, म्हनून त्ये बोलत्यात. मला दोन यत्ता झाल्यात, पर येवढं ठावं हाय."

"मग खरं-खोटं कळायचं कसं?"

"उनउनीत पान्यानं. चांदीला दम न्हाई निगत, एका अंगाला ऊन लागलं का दुसऱ्या अंगाला चटका. कथलाचं तसं न्हाई, त्येला तापायला येळ लागतो." धोंडे वाफवायला ठेवलेलं पाणी खदखदत होतं. तिनं त्यातलं वाटीभर काढलं आणि लंकाच्या माळेतले रुपये गोफातून सोडवले. "धरा कडंला, आनि अर्दा बुडवा."

"मीच?"

"मग काय मी? माजी बोटं पन्नास वर्सं तव्यावरच्या भाकरी उलटत्यात, त्यास्नी काय कळनार? हितं कचेरीतली बोटं पायजेत."

रतननं पदर तोंडाशी नेला. बन्सीनं पहिला रुपया बुडवला.

"आई गं!"

रुपया वाटीत पडला. केशरबाईनं पळीनं काढला आणि कोरडा करून बाजूला ठेवला. "एक खरा."

दरवेळी ती वाटीत नवं उकळतं पाणी ओतायची. दुसऱ्याला बन्सीनं नुसता हात झटकला. तिसऱ्यानंतर त्यानं हात बदलला. चौथा, पाचवा, सहावा. लंका पुरणाचे हात तसेच धरून दाराशी येऊन उभी राहिली होती. दरवेळी तिची मान थोडी वर येत होती.

सातवा रुपया बन्सीनं बुडवला. वाफ बोटांवरून गेली. तो तसाच धरून बसला. त्यानं एकदा केशरबाईकडे बघितलं, मग दाराकडे.

"पोळतोय," तो म्हणाला. "हा बी खराच हाय."

"मग सोडला का न्हाई?"

केशरबाईनं त्याच्या हातातून रुपया घेतला, विळ्याच्या टोकानं कडेला ओरखडा काढला. आत काळपट निघालं. आता तिलाही गप्प बसता आलं असतं. तो ओरखडा तिच्यावाचून कुणाला दिसला नव्हता.

"ह्यो खोटा हाय," ती म्हणाली.

लंका जवळ आली. रुपया हातात घेऊन तिनं उलटा-पालटा केला. "ह्यो शेवटच्या सालचा," ती म्हणाली. "आमचं वडील गेलं, त्या साली आई येकलीच गेल्ती तोडीला. जोडी न्हाई म्हनून आर्दी मजुरी मिळायची. नको म्हनलं हुतं मी तिला. म्हनली, सा चांगलं दिसत न्हाई गळ्यात."

 

केशरबाईनं गोफ हातात घेतला आणि एकेक रुपया परत ओवला. सातही. खोटा तिनं मधोमध घेतला. मग लंकाची मान वाकवून माळ स्वतःच्या हातानं बांधली आणि गाठ ओढून पाहिली. पाट मांडला, जावयाचं ताट घेतलं, तूप वाढायच्या आधी मात्र हात थांबवला.

"जावयबापू, काल सा खऱ्यांना खोटं म्हनालात, त्ये चार लोकांत म्हनालात, तवा जाताना त्याच पायरीवर हुबं राहून, त्याच बायांदेकत खरं म्हनून जायचं. आज येका खोट्याला खरं म्हनालात, त्ये हिच्याकडं बगून म्हनालात, म्हनून ताट वाढते. पारख न्हाई तुमाला, पर मानूस बरं हाय. बसा."