बाबलीची होडी चंद्रावर

अरे, देवबागच्या किनाऱ्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती! रशियाचा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला ना, त्याच सालची गोष्ट. मधोमध वाळूत अणुमहाराज बसलेले. भगवी लुंगी, काळा गॉगल, समोर तोंडाला लाल फडकं बांधलेलं तांब्याचं तपेलं. खाली ना चूल, ना काडी. महाराजांनी तांब्यातलं तीर्थ ओतलं मात्र, आतून फस्स्सकन आवाज, वाफेचा लोट, आणि आत सोडलेलं अंडं उकडून बाहेर!

"हा अणू!" महाराज गरजले. "मुठीएवढ्या अणूवर होडी थेट चंद्रावर! पण हात लावाल तर राख व्हाल."

"चंद्रार मासो गावता काय?" मासळी सुकवून विकणाऱ्या हौसाबाईनं विचारलं.

"तिथे पाणी नाही, बाई. सगळा मासा सुकाच मिळतो."

झालं! मीठ लावायचे, वाळवायचे कष्टच वाचले. तुळसाचा नवरा बाबली तर बसल्या जागी निम्मा चंद्रावर पोचला.

मग महाराजांनी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाला साकडं, सुरू केलं. आणि आपल्याकडे गाऱ्हाणं कान देऊन ऐकतो कोण? वाक्य संपलं की तोंड आपलं आपण बोलतं.

"बा अणुदेवा म्हाराजा, गावाची भरभराट कर!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेलेल्यांका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"बाबलीची होडी यानासाठी माझ्या ताब्यात दिली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज तुळसाचा. डोक्यावर बांगडे मासळीची पाटी, लक्ष गिऱ्हाइकाकडे. आपण काय बोललो ते कळलं तशी ती गर्दी सारत पुढे आली. घरात तीन पोरं, आणि होती नव्हती ती हीच होडी.

"ओ, होडी देवची नाय!"

"गाऱ्हान्यात व्हय म्हटलंस मगे?" बाबली म्हणाला. "आता फिरलव तर देव कोपतलो."

"देवाक चंद्रार जावक होडी लागता काय?"

महाराजांचे दोन चेले होडी ढकलायलाही लागले. तुळसा पाटी उतरवून तपेल्यापाशी गेली. वास ओळखीचा वाटला. तिच्या माहेरी शिंपले भाजून चुना करायची भट्टी होती. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की अस्संच फसफसायचं, आणि भावंडं त्यातच अंडी उकडून खायची!

"म्हाराजानू, ह्यो अणू किती येळ तापता?"

"हजार वर्षं!"

"हजार नको. जेवनाच्या येळेपर्यंत बसूया."

"अगं, चंद्राचा मुहूर्त टळेल!"

"चंद्र खंय पळता? उद्या परत येतलो."

गाव वाळूतच फतकल मारून बसलं. ऊन चढलं. फसफस थांबली, वाफ गेली, दुपारपर्यंत तपेलं गार. तुळसानं फडकं ओढलं. आत पांढरा लगदा!

"राख होशील!" महाराज किंचाळले.

तुळसानं कनवटीचं पान काढलं, बोटाच्या टोकावर अणू घेतला, पानाला फासला, सुपारी टाकली आणि विडा गालात सारला. गर्दीनं श्वास रोखला. ती शांतपणे चावत राहिली.

"चुनो बरो आसा," ती म्हणाली. "फुकट दितंस तर डबी भरून घेतंय. शिरा पडो तुझ्या तोंडार!" अशी शिवीही वर हासडली.

महाराज चेल्यांसकट खाडीच्या दिशेनं असे सुटले, की अणूशिवाय एवढा वेग कुणी पाहिला नव्हता.

"म्हंजे अणूर यान चलना नाय?" बाबली हिरमुसला.

शाळेतले गुरुदास मास्तर हसले. "चालेलही, बाबली. अणूची उष्णता खरीच प्रचंड. मोठे शास्त्रज्ञ हिशेब मांडतायत, जमिनीवर इंजिनं तापवून बघतायत. उडालेलं मात्र अजून एकही नाही. कारण नुसतं तापून काही उडत नाही. तू वल्ह्यानं पाणी मागे सारतोस, तेव्हा होडी पुढे जाते ना? यानालाही मागे काहीतरी जोरात फेकावं लागतं. शिवाय अणूचे घातक किरण अडवायला जाड भिंत लागते. लाल फडकं नाही!"

बाबलीनं होडीकडे जाऊन वल्हं उचललं.

तर गड्यांनो, विज्ञानाचं नाव घेतलं म्हणून थाप खरी होत नाही. दाखव म्हणा. परत दाखव म्हणा. आम्ही सांगू तितका वेळ दाखव म्हणा. खऱ्याला कधी घाई नसते.