फनुबाईचं एकुलतं फळ

“आज तरी कापता का?” आतल्या खोलीतून कृपाबाईंनी विचारलं.

त्यांच्या नवऱ्यानं, पीटर माळ्यानं, बाहेरच्या कणगीतल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, फळ चाचपलं आणि पुन्हा पुरून टाकलं. “न्हाई गं. साल आजून ताठ हाय.”

मी मिशनच्या शाळेतला मास्तर, त्यांचा शेजारी. पंधरा दिवस रोज हेच ऐकत होतो.

नेवाशाजवळच्या आमच्या आवारात म्हाताऱ्या फ्रेंच फादरांनी मायदेशाहून आणलेलं सफरचंदाचं कलम लावलं होतं. तिकडचं जुनं वाण, नाव फनुये. आमच्या लोकांनी त्याची फनुबाई करून टाकली. फादर परत जाताना पीटरला बजावून गेले, की फळ मातकट दिसेल, साल चिकूसारखी खरखरीत असेल, उतरवल्या उतरवल्या आंबट लागेल. पण ठेवून दिलं आणि सुरकुतलं की त्याला बडीशेपेचा स्वाद येतो. पीटरनं चौदा वर्षं न चुकता बादल्या ओतल्या. फनुबाई काही फुलली नाही. कृपाबाई तिला सवत म्हणायच्या. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, विहीर आटली. लिंबोणी फुलावी म्हणून पाणी तोडून ताण देतात, तसा फनुबाईलाही आपोआप ताण बसला आणि पुढच्या उन्हाळ्यात एक फळ धरलं. त्याच उन्हाळ्यात कृपाबाईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

“मास्तर, सवतीचं एकुलतं एक पोर,” त्या मला म्हणाल्या, “त्ये बी चाखू देईनात. आंबट तर आंबट. तुमी सांगा की त्यास्नी.”

मी सांगून पाहिलं. पीटर उसळलाच. “चौदा वर्सं लई ग्वाड, लई ग्वाड म्हून सांगितलं मी तिला. आता आंबट तोंडानं धाडू व्हय?”

फळ पिकायची वाट पाहण्याइतके दिवस त्या बाईपाशी उरले नव्हते, हे मला दिसत होतं. हट्टानं बोलायला हवं होतं. नाही बोललो, याची खंत मला अजून छळते.

रविवारी दुपारी कृपाबाई गेल्या.

माती देऊन तीन दिवस झाले, तेव्हा पीटरनं कणगीतून फळ काढलं. साल छान सुरकुतली होती. त्यानं विळीवर त्याचे दोन भाग केले, एकाचा लचका तोडला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“अगं कृपे, खरंच बडीशेप हाय गं!” असं ओरडत उरलेला भाग घेऊन तो लगबगीनं आत गेला.

कृपाबाईंची खाट आम्ही सकाळीच अंगणात उन्हाला टाकली होती. तो मोकळ्या भुईकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळानं मी आत जाऊन त्याच्या हातातलं फळ काढून घेऊ लागलो. त्यानं मूठ उघडली नाही.