गळत्या नळीखालचा गडू

मित्रांनो, गॅलरीतल्या खिळ्याला वेटोळं करून टांगलेली मी एक जुनी तांब्याची नळी आहे. एके काळी मी लातूरच्या या घरातल्या एसीला होते. माझ्या पोटातून गार गॅस फिरायचा. कौतुक करून घ्यावं म्हणून मी हे सांगत नाही. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तेवढी सांगून टाकते.

कारखान्यातून मी गुंडाळी होऊन आले. आत धुळीचा कणही जाऊ नये म्हणून माझ्या दोन्ही तोंडांना टोप्या घातल्या होत्या. साल २०१६. शहराचं धरण आटलं होतं. प्यायचं पाणी रेल्वेने यायचं आणि मग टँकरने गल्लोगल्ली फिरायचं. त्याच उन्हाळ्यात पंचशीलाताईंनी एसी घेतला. त्यांची लेक मैत्री दोन वर्षांची होती आणि घामोळ्या खाजवून खाजवून तिच्या मानेतून रक्त यायचं. मैत्रीचे बाबा नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला. ते रविवारीच यायचे. एरवी घरात ताई, त्यांच्या सासू सरजाबाई आणि ती पोर.

"प्यायला पाणी न्हाई अन् ह्यांना गार हवा पायजे!" शेजारच्या गुणाबाई जिन्यातूनच म्हणाल्या. ताईंनी मान खाली घातली.

मला बसवायला उदगीरकडचे मलप्पा आले. घाई नावाला नाही. कटर हळूहळू फिरवून त्यांनी मला कापलं, मग माझं तोंड खाली धरून कडेचा कीस काढला, म्हणजे तो आत पडायला नको. आधी नट चढवला आणि मगच तोंड तुतारीसारखं पसरवलं.

"नट आधी घालावा लागतो, ताई," ते हसून म्हणाले. "तोंड पसरल्यावर जात न्हाई. नवा होतो तवा तीनदा विसरलो मी."

भिंतीतून काढून त्यांनी मला गॅलरीतल्या यंत्राला जोडलं, दोन पान्यांनी आवळलं, पंपाने आतली हवा ओढून काढली आणि गॅस सोडला. आता साबणाचा फेस लावून गळती बघायची होती.

"मावशी, अर्धा कप पाणी द्या."

"अर्धा? पाव कपात न्हाई का होत?" सरजाबाई म्हणाल्या, पण पाणी दिलं.

बुडबुडा आला नाही. माझ्या बाकी अंगावर काळा फोम चढला होता. फक्त तो जोड, वीतभर, तपासणीसाठी उघडा होता. मलप्पांनी फोमचा तुकडा हातात घेतला आणि खालून आरोळी आली, "टँकर आला!"

सरजाबाई घागरी घेऊन धावल्या. दोन मजले, त्यात त्यांचे गुडघे. मलप्पांनी तुकडा खाली ठेवला. "मावशी, तुमी रांगेत थांबा. वर मी आणतो."

त्यांनी सहा खेपा केल्या. परत आले तेव्हा ते घामाने निथळत होते. खोली गार झाली होती आणि मैत्री कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती. मलप्पांनी चहा घेतला, पिशवी उचलली आणि गेले. फोमचा तुकडा यंत्रामागेच राहिला.

तो राहिलाय, हे मला ठाऊक होतं. मला ओरडता येत नाही हे खरं. पण त्याहून खरं असं, की उन्हात चमकणारं आपलं उघडं अंग मला आवडलं होतं.

गार पेल्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसाच फोम नसलेल्या त्या वीतभर जागी मला सुटू लागला. थेंब माझ्या अंगावरून निघायचा, यंत्रावरची धूळ आणि कबुतरांची घाण धुऊन खाली पडायचा. तिसऱ्या दिवशी सरजाबाईंनी ते पाहिलं.

"अगं बया! तांब्यातून पाणी गळून राहिलंय!"

त्यांच्या घरात तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी उपाशीपोटी प्यायचा रिवाज होता. त्यांचा हिशेब सरळ होता. तांब्यात ठेवलेलं पाणी चांगलं, तर तांब्यातून आलेलं त्याहून चांगलं. त्यांनी माझ्याखाली पितळी गडू ठेवला. टोमणा मारणाऱ्या गुणाबाईच वाटी घेऊन आल्या.

"गुडघे लई धरलेत, सरजामावशी. मला बी द्या की थोडं."

"आता आली का आठवण? आधी भरू तर दे!"

माझं असं कौतुक कधी झालं नव्हतं. मी फुगून गेले. पाणी माझ्यातलं नाही, बाहेरच्या हवेतलं आहे, हे ठाऊक असूनही.

ताई तर टँकरचं पाणी दुहेरी फडक्याने गाळून उकळायच्या. मैत्रीचा चमचासुद्धा उकळायच्या. गडू त्यांना रोज दिसायचा. मोगऱ्याच्या कुंडीसाठी असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी मैत्रीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत तिची मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. तिला उचलून सगळी दवाखान्यात धावली. पुढचं मी नंतर ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं पाणी प्यायली?" ताई सांगत राहिल्या, उकळलेलं, गाळलेलं. तेव्हा सरजाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "वाटीभर तांब्याचं दिलतं म्या. ऊन बाधू नये म्हून."

तीन दिवस पोरीला सलाईन होतं. तीन दिवस घर बंद, एसी बंद, मी कोरडी. खाली गडूत कबुतराचं एक पीस तरंगत होतं. दुसरं बघायला काही नव्हतं.

मैत्री घरी आली. मलप्पांना बोलावलं. त्यांनी यंत्रामागे हात घालून तो तुकडा काढला आणि तसेच खाली बसले.

"मावशी, चूक माझी हाय. एवढंच बांधायचं राहिलं."

"तू माझ्याच घागरी वाहून राहिला होतास, बाबा. पाजलं तर म्या."

"आत्या, मला गडू रोज दिसत होता," ताई सासूबाईंना म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं."

चौथी अपराधी मी. मला कुणी बोल लावला नाही, म्हणून तो आजवर उतरला नाही.

मलप्पांनी जोड नीट बांधला. सरजाबाईंनी गडूतलं पाणी मोगऱ्याला घातलं. दुष्काळात तेवढंही सांडता येत नव्हतं. पुढे एसी बदलला आणि मी खिळ्यावर आले.

मित्रांनो, हातातलं काम अर्धं टाकून कुणाच्या मदतीला धावावं लागलं, तर जरूर धावा. पण परत आल्यावर आधी त्या कामाकडे बघा. आणि न समजता कुणी तुमचं कौतुक केलं, तर फुगू नका.

मैत्री आता मोठी झाली आहे. तिला ते आजारपण आठवत नाही. पण पाण्याचा पेला हातात आला, की ती आधी आजीकडे बघते आणि विचारते, "हे पाणी कुठलं?" कुठून भरलं, कधी उकळलं, सरजाबाई तिला सगळं सांगतात. सांगताना त्या गॅलरीकडे मात्र बघत नाहीत.