पर्णी दाराशी जाते

माझी सून आभा माझ्या नातीला, पर्णीला, कोबी म्हणते. "मों शू, मों शू" असं दिवसभर लाडाने चालायचं. एकदा अर्थ विचारला तर म्हणाली, "आई, माझा छोटा कोबी." आपण पोरांना सोन्या म्हणतो, राजा म्हणतो, हिच्याकडे भाजी. म्हटलं, असू दे, निदान ताजी आहे.

आभा मॉरिशसची. मराठीच, खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेले ते तिकडचेच झाले. गणपतीची आरती तिला तोंडपाठ, पण "मीठ द्या" म्हणताना अडखळते. घरी आईशी फ्रेंच, शाळेत इंग्रजी, अशी वाढली. सिद्धांतला ती दुबईत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर भेटली. माझा हा मुलगा शारजात वाढलेला, म्हणजे मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देणारा. त्या दोघांचा संसार इंग्रजीत. माझं आणि तिचं मराठीत हिंदी कालवून भागतं. पर्णीशी मात्र आभा फक्त फ्रेंच बोलायची.

सिद्धांत फुजैराच्या बंदरात नोकरीला. सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी संध्याकाळी शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या घरी उगवतो.

पर्णी दोन वर्षांची झाली तरी बोलायचं नाव घेईना. बोट दाखवायची, खिदळायची, शब्द नाही. शेजारची मुग्धा चहाला आली ती निकाल घेऊनच.

"शालिनीताई, तीन-तीन भाषा ओतताय, पोरगी गोंधळणार नाही तर काय? एकच ठेवा. आमच्या रेयांशला मी फक्त इंग्लिश ठेवलं. आता बघा, थांबतच नाही."

"ते ऐकू येतं आम्हाला, भिंतीतून," मी म्हटलं.

पण सिद्धांतने ते मनावर घेतलं. नर्सरीची मुलाखत तोंडावर आली होती. म्हणाला, "आभा, ओन्ली इंग्लिश. काही महिने. प्लीज." मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर एकच भाषा ठेवायची म्हणजे मराठी, असं मी गृहीत धरलं होतं. मला कुणी विचारलंच नाही.

सोमवारपासून आभाने फ्रेंच बंद केलं. "कम, पर्णी. डिनर इज रेडी." अगदी रिसेप्शनवरच्या आवाजात. पर्णीने तिच्याकडे पाहिलं, चमचा खाली टाकला आणि तुरुतुरु बाहेरच्या दाराशी गेली. आम्हाला वाटलं, फिरायला जायचंय. मी तिला लिफ्टने खाली नेऊन आणलं. तास गेला. "बाथ टाइम!" म्हणताच पुन्हा दाराशी. या वेळी तिने बापाच्या घरात घालायच्या चपला ओढून काढल्या, दारासमोर नीट मांडल्या आणि शेजारी फतकल मारून बसली.

माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

या घरात इंग्रजी ऐकू येतं कधी? सिद्धांत घरी असतो तेव्हा. पोरीच्या लेखी इंग्रजी म्हणजे पप्पा आला. तो दिसत नाही, म्हणजे दारात असणार. मुग्धा म्हणते गोंधळली. अहो, कुठलं काय! कुणाची भाषा कुठली, तिने बरोबर लावून ठेवलं होतं.

आभाच्याही लक्षात आलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मराठीत हिंदी कालवत म्हणाली, "आई, इंग्लिश माझंच आहे. त्यात मी शिकले, जॉब केला, सिद्धांतशी भांडते. कमी नाही ते. पण मला कुशीत कुणी इंग्लिशमध्ये घेतलं नाही. मी तिला बोलावते आणि ती दुसऱ्याला शोधायला जाते."

"खलास," मी म्हटलं. "फोन लाव नवऱ्याला. व्हिडिओ."

सिद्धांतचा चेहरा आला. मागे टाक्या, डोक्यावर हेल्मेट. "मम्मी, आय अॅम ऑन साइट..."

"हबीबी, तोंड बंद आणि डोळे उघडे. आवाज केलास तर शुक्रवारी वरण मिळणार नाही."

आभा इंग्रजीत म्हणाली, "पर्णी, कम हिअर." पोर चपलांशेजारून उठली, दाराला लागून उभी राहिली. चपला सरळच होत्या, तरी पुन्हा सरळ केल्या. दारावर इवली थाप मारली. थांबली. पुन्हा मारली.

फोनमधल्या माझ्या एवढ्या मोठ्या इंजिनिअरने हेल्मेट काढलं.

मग आभा खाली बसली आणि फ्रेंचमध्ये 'ये' म्हणाली. "व्हिएं, मों शू." पर्णी वळली आणि धावत येऊन तिच्या गळ्यात पडली.

"ओके," सिद्धांत म्हणाला. मग घसा खाकरून, मराठीत, "चुकलं माझं. नर्सरीवाल्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

त्यावर आभाने त्याला फ्रेंचमध्ये काय सुनावलं ते मला कळलं नाही. लांबलचक होतं आणि त्यात कोबी कुठेच नव्हता.

मुग्धाने जिन्यात गाठलं. "मग, ठरली का भाषा?"

"ठरली. ज्याची त्याने बोलायची. मी मराठी, आई फ्रेंच, बाप इंग्लिश."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"बोलेल गं. तीन भाषांचा मोठा बाजार आहे, माल लावायला वेळ लागतो."

शुक्रवारी संध्याकाळी मी पर्णीला शिरा भरवत होते. आभा फोनवर नवऱ्याशी बोलत होती, "यू आर डाउनस्टेअर्स? गॉट पार्किंग?" पर्णीचे कान टवकारले. तोंडात घास तसाच, निघाली दाराशी. चपला ओढल्या, मांडल्या, थाप मारली.

दार उघडलं. बाप समोर उभा.

पर्णीने मागे वळून आमच्याकडे पाहिलं, इतके दिवस सांगत होते ना, अशा नजरेने. आणि घास गिळून पहिल्यांदा स्पष्ट म्हणाली, "पप्पा." मग माझ्याकडे बोट करून, "अजून."

तो शब्द शिऱ्यासाठी होता. मराठीत.