रस्त्याच्या पूर्वेची विहीर

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, पण नकाशा वाचतो. तरणा होतो तेव्हा जमीन मोजणाऱ्यांची साखळी ओढायचो, तिथं शिकलो.

बहिणीच्या स्वयंपाकघराला लागून पाण्याची टाकी बांधायची होती, दहा हजार लिटरची. आखणी झालेली, काँक्रीटची गाडी चार वाजता येणार. तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, सासूबाई सांगायच्या, इथंच कुठंतरी बुजवलेली विहीर आहे."

झालं. विहिरीवर टाकी बसली तर टाकी खचणार, आणि जाताना स्वयंपाकघराची भिंतही घेऊन जाणार.

दाजींनी वडिलांच्या पेटीतून जुना नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. बोट ठेवून म्हणाले, "ही विहीर रस्त्याच्या पूर्वेला. आपलं घर पश्चिमेला. मिटलं. येऊ दे गाडी."

"दाजी, रस्ता कुठला?"

"रस्ता म्हणजे रस्ता. एकच तर आहे."

"कागदावरचा रस्ता ओढा कुठं ओलांडतो बघा. दोन ओढे मिळतात त्याच्या खाली. आणि आपला पूल?"

दाजींनी चष्मा कपाळावर नेला. "वर."

"मग ही जुनी गाडीवाट. तुमच्या परसामागून जायची. तिच्या पूर्वेला आता कोण राहतं?"

"माझ्या परसातलं मला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत?"

"तुमच्या जन्माआधीचा कागद आहे, दाजी."

बहीण तोंड फिरवून हसली.

उघडा माळ, जुनी खूण एकच उरलेली, टेकाडावरचा मोजणीचा दगड. नकाशात तो त्रिकोण. तिथून विहीर अर्धा इंच, म्हणजे अर्धा मैल. दिशा धरून चालत आलो, तर थेट परसात. पण त्या कागदावर पेन्सिलीचं टोक म्हणजे अख्खं अंगण. पुढचं पहारीनं विचारायचं.

दर दोन फुटांवर पहार मारली. पाच ठिकाणी टण्ण. खाली मुरूम.

"आणखी किती टोचणार? जमिनीला गोवर निघाल्यासारखं दिसतंय," दाजी म्हणाले.

सहावा घाव आखणीच्या आत, भिंतीपासून चार फुटांवर. पहार मुठीपर्यंत गेली.

दाजींनी पहार हलवून पाहिली, खाली नुसता सैल भराव. मग खिशातून फोन काढून गाडीवाल्याला म्हणाले, "आज नको." फोन ठेवला. "किती सरकवायची?"

"पंधरा फूट, तिकडं."

"तिथं माझी मोटारसायकल असते."

"ती हलते, दाजी."